हरीण साडीपुढे का थांबतं?

जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे निघालं की देवगाव फाटा लागतो. सेलूची वाट इथूनच फुटते. आजूबाजूला काळं रान, मधूनमधून माळ आणि गायरान. मृगाचा पाऊस पडून सोयाबीन, कापूस दोन-दोन पानांवर आले की मराठवाड्यातल्या अशा रानांत एक जुना उपाय हमखास दिसतो. बांधावर मेखा ठोकून, सुतळीनं आवळून शेताभोवती जुन्या साड्या बांधलेल्या असतात. घरातल्या, नातेवाइकांकडून मागून आणलेल्या, नाहीतर बाजारातून गठ्ठ्यानं विकत घेतलेल्या. हा सगळा खटाटोप हरणांसाठी.

साडी फार तर माणसाच्या कमरेएवढी उंच असते. ज्या हरणाला अडवायचं ते सहज दोन मीटर उडी मारतं. मग ते साडीपुढे का थबकतं? आणि पहिले काही दिवस थबकणारं तेच हरीण महिन्याभरानं त्याच साडीवरून पलीकडे कसं जातं? आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, चार वाफ्यांची परसबाग वाचवायची असेल, तर या दोन प्रश्नांची उत्तरं बाजारातल्या कोणत्याही औषधापेक्षा जास्त कामाची आहेत.

येतं कोण?

देवगाव फाट्याच्या या परभणी जिल्ह्यात ज्याला सरसकट हरीण म्हणतात ते बहुतेक वेळा काळवीट असतं. नराची पाठ गडद, पोट पांढरं, शिंगं पिळदार. माद्या आणि पिल्लं तांबूस-पिवळी, आणि माद्यांना सहसा शिंगं नसतात. हा उघड्या गवताळ माळाचा प्राणी आहे. दाट जंगल तो टाळतो. म्हणून जंगल नावालाही नसलेल्या सपाट तालुक्यांत त्याचे कळप दिसतात, याचं नवल वाटायला नको. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० साली खास काळविटांसाठी राखलं गेलं, तेही जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. राज्यातली बरीचशी काळविटं अशा राखीव तुकड्यांच्या बाहेर, शेतकऱ्याच्या रानातच जगतात.

दुसरा पाहुणा म्हणजे रोही, म्हणजेच नीलगाय. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या पुढे जातो, तर काळवीट नर साधारण चाळीस किलोंचा. दोघांसाठी कुंपण वेगळं लागतं, त्यामुळे आधी चोर ओळखावा. हरीण आणि रोही यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांच्यात पानं धरून ती ओढून तोडावी लागतात. म्हणून खाल्लेल्या देठाचं टोक फाटलेलं, चोथा झालेलं दिसतं. सशाला वर-खाली धारदार दात असल्यानं त्यानं खाल्लेलं देठ सुरीनं तिरकं कापल्यासारखं स्वच्छ असतं. रानडुक्कर तर माती उकरूनच जातं. रोही पुनःपुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो, तिथे ढीग साचतो. खूर छोटे, टोकदार आणि बरेच उमटलेले असतील तर काळविटांचा कळप.

वाफाच का, बांधावरचं गवत का नाही?

बांधावर गवत असताना हरीण नेमकं मेथी-पालकाच्या वाफ्यात का शिरतं, हा प्रश्न आखाड्यावरच्या बायांना दरवर्षी पडतो. उत्तर त्याच्या पोटात आहे.

हरीण रवंथ करतं. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव चारा कुजवून पचवतात. चारा जितका राठ, तितका वेळ जास्त. रोह्यासारख्या मोठ्या जनावराच्या पोटात भरपूर जागा असते. त्याला जाडाभरडा चारा सावकाश मुरवत ठेवणं परवडतं. लहान अंगाच्या प्राण्याला वजनाच्या मानानं ऊर्जा जास्त लागते आणि पोटात जागा कमी असते. त्याला थोडक्यात जास्त पोषण देणारा घास हवा. असा घास वनस्पतीच्या वाढत्या शेंड्यात असतो: तंतू कमी, पाणी आणि प्रथिनं जास्त.

माणूस परसबागेत नेमकं हेच पिकवतो. खत घातलेला, पाणी दिलेला कोवळा पाला. त्यात उन्हाळ्यात सगळं रान भाजून निघालेलं असतं, ज्वारी-हरभरा घरात आलेला असतो, आणि मैलभरात हिरवी अशी जागा आखाड्यावरच्या बोअरशेजारचा वाफाच उरते. तिथे पाणीही असतं. अशा वेळी हरणाला हुसकावून लावणं पावसाळ्यापेक्षा कितीतरी अवघड जातं, कारण भुकेलं जनावर जास्त धोका पत्करतं.

डोळे बाजूला असलेल्या प्राण्याची भीती

आता साडीकडे. काळविटाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू लांडगा, आणि एके काळी चित्ता. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पण त्याच्यापुढे पळून वाचलेल्यांचे पाय काळविटाकडे अजून आहेत. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावणारा हा प्राणी आहे. मात्र हा वेग कामी यायचा तर शत्रू लांबूनच दिसायला हवा. म्हणून त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत आणि बाहुली आडवी आहे. मान न वळवता त्याला जवळजवळ सगळं क्षितिज दिसतं.

अशा प्राण्याला पलीकडचं काही दिसू न देणारा पडदा फार अस्वस्थ करतो. उंच गवतात किंवा दाट झुडपात काळवीट जायला कचरतं ते याच कारणानं: आत काय दबा धरून आहे ते कळत नाही. साडी त्याला उंचीनं अडवत नाही, तिच्यामागचं दिसत नाही म्हणून ते अडतं. आंधळी उडी मारून लांडग्याच्या तोंडात पडण्यापेक्षा वळून जाणं त्याला सोयीचं. त्यात साडी वाऱ्यावर हलते, आणि हालचाल टिपण्यात हे डोळे फार तरबेज असतात.

साडीचा रंग लालच हवा, असं बरेच जण सांगतात. हरणवर्गातल्या आणि गुरांसारख्या प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, माणसात तीन असतात. त्यामुळे निळा त्यांना चांगला दिसतो, पण लाल-केशरी मळकट, फिका भासतो. लाल साडीपेक्षा पांढरी किंवा फिकट निळी साडी मागच्या काळ्या रानावर त्यांना जास्त उठून दिसते, संधिप्रकाशात तर नक्कीच.

मग महिन्याभरात साडी निकामी का होते? रोज संध्याकाळी कळप येतो, पडदा पाहतो आणि रोज काहीच वाईट घडत नाही. ज्या भीतीमागून इजा होत नाही ती भीती मेंदू हळूहळू सोडून देतो. बुजगावणं, चमकणाऱ्या फिती, रात्रभर तोच आवाज लावणारा भोंगा, पत्र्याचे डबे, सगळ्यांची गत हीच. म्हणून साड्या वर्षभर लावून ठेवू नयेत. रोप कोवळं असतानाच्या पंधरा-वीस दिवसांत त्या लावाव्यात, मधे जागा आणि रचना बदलावी, काम झालं की काढून घडी करून ठेवाव्यात. पुढच्या पेरणीला त्या पुन्हा नव्या वाटतात.

उंची, रुंदी आणि आतली जागा

शेताचं आणि परसबागेचं गणित इथे वेगळं होतं, आणि ते परसबागेच्या बाजूनं आहे. एका एकराच्या चौकोनी शेताला सुमारे अडीचशे मीटर कुंपण लागतं. अर्ध्या गुंठ्याची बाग म्हणजे जेमतेम सात मीटर लांब, सात मीटर रुंद. तिला २८ मीटर पुरे. शेताला न परवडणारी भक्कम जाळी बागेला परवडते.

दुसरा फायदा हरणाच्या स्वभावातून येतो. उडी मारण्याआधी ते उतरायची जागा पाहतं. आत मोकळं रान असेल तर उडी सोपी. पण आत लगेच समोर दुसरी जाळी, मधे वेलांचे मांडव, काठ्या, शेवग्याचं झाड अशी दाटी असेल तर उडी मारल्यावर पळायला वाट नाही हे त्याला कळतं, आणि ते सहसा आत उतरत नाही. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांनी घरोघरच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा तिथे मोठ्या जागेसाठी आठ फूट उंच कुंपणाचा सल्ला रूढ झाला. लहान, अडचणीच्या बागांना मात्र त्याहून बरंच कमी चालतं असा तिथला अनुभव आहे. देवगाव फाट्याजवळच्या आखाड्यावर सहा फुटांची ताठ जाळी आणि आत दोडका-कारल्याचा मांडव, एवढ्यावर काळवीट थांबायला हरकत नाही. रोह्यांचा वावर असेल तर खांब जाड हवेत, कारण तो अंगाच्या भारानं जाळी आडवी करू शकतो.

रुंदीचाही उपयोग होतो. डोळे बाजूला असल्यानं दोन्ही डोळ्यांनी मिळून समोरचं अंतर जोखण्याची या प्राण्यांची ताकद मर्यादित असते. उंच अडथळा ते ओलांडतील, रुंदही ओलांडतील. दोन्ही एकदम आले की घोटाळतात. म्हणून एका उंच कुंपणाऐवजी चार-चार फुटांची दोन कुंपणं, मधे चार-पाच फुटांची पट्टी सोडून, हा उपायही चालतो. मधल्या पट्टीत कांदा-लसूण लावला तर जागाही फुकट जात नाही.

आणि खालचा भाग! लोक उंचीवर पैसे घालतात आणि तळाशी हातभर फट ठेवतात. कुरंग जातीच्या कित्येक प्राण्यांना उडीपेक्षा खालून निसटणं आवडतं. अमेरिकेतला प्राँगहॉर्न तर उडी टाळून तारेखालून सरपटतो. जाळी जमिनीला टेकलेली, दगड-मातीनं दाबलेली हवी.

चौकट: बागेचं कुंपण उभं करण्याआधी

• खुरांचे ठसे, लेंड्या आणि देठाचं टोक पाहून प्राणी ओळखा.
• जाळी ताठ ओढा. सैल नायलॉन जाळीत नराची शिंगं अडकतात.
• तळाशी वीतभरही फट ठेवू नका.
• फाटक कुंपणाएवढंच उंच हवं. बहुतेक बागा फाटकातूनच लुटल्या जातात.
• खालचा चार फुटांचा भाग हिरव्या शेडनेटनं झाका, म्हणजे आतला पाला दिसणार नाही.
• पेरणीआधी कुंपण करा. एकदा चव लागली की कळप वाट लक्षात ठेवतो.

झटका मशीन कसं चालतं?

सौरपत्रा, बॅटरी आणि एक डबा, याला गावोगाव झटका मशीन म्हणतात. त्याविषयी गैरसमज खूप आहेत, आणि त्यांतला एक जीवघेणा आहे.

बॅटरीचा दाब फक्त १२ व्होल्टचा असतो. डब्यातलं यंत्र हा दाब वाढवतं, वीज थोडी थोडी साठवत जातं आणि साधारण सेकंदाला एकदा ती सगळी तारेत सोडून देतं. नळाच्या बारीक धारेनं बादली भरावी आणि एकदम ओतावी, तसं. त्या क्षणी तारेवर काही हजार व्होल्टचा दाब असतो, पण तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. म्हणून झटका जबर बसतो आणि तरी जीव जात नाही. दोन झटक्यांमधल्या वेळात जनावर किंवा माणूस तारेपासून सुटू शकतो.

घरातली वीज थेट तारेत सोडली तर हा मधला वेळच उरत नाही. प्रवाह अखंड वाहतो, स्नायू आखडतात, हात सुटत नाही, हृदय बंद पडतं. रानडुकरासाठी अशी तार लावून शेजारचा शेतकरी, पाणी द्यायला गेलेला सालगडी, अगदी घरचंच माणूस दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात. हा गुन्हा तर आहेच. अशी तार कोणी लावलेली दिसली तर गप्प बसू नये.

झटका बसायला वीज तारेतून जनावराच्या अंगात, तिथून जमिनीत आणि जमिनीतून परत यंत्राकडे अशी फिरावी लागते. ही फेरी जिथे तुटते तिथे यंत्र असून नसल्यासारखं. परभणीच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात ओल भरपूर, तेव्हा अर्थिंग उत्तम. एप्रिल-मेमध्ये त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचा थर कोरडा ठणठणीत होतो आणि झटका बराच उतरतो. नेमका तोच काळ बागेला सर्वात धोक्याचा. उपाय दोन: अर्थिंगच्या सळया खोल ठोकून त्यांच्या बुडाशी अधूनमधून पाणी घालणं, किंवा एक तार झटक्याची, पुढची तार अर्थिंगची अशी आलटून पालटून ओढणं. मग दोन तारांमध्ये तोंड घालणाऱ्याला जमीन कितीही कोरडी असली तरी फटका बसतो. पावसाळ्यात उलटी अडचण येते. वाढलेलं गवत तारेला टेकतं आणि वीज तिथून जमिनीत झिरपते, म्हणून तारेखालचं गवत कापत राहावं लागतं.

अंगावरचे केस विजेला अडवतात. ओलं नाक अडवत नाही. हरणानं तार पहिल्यांदा नाकानं हुंगावी, यातच यंत्राचं यश असतं. अमेरिकेत यासाठी तारेवर शेंगदाण्याचं लोणी फासतात. हरीण चाटायला येतं, नाकाला-जिभेला चटका बसतो आणि ते कुंपण कायमचं लक्षात राहतं. साडीच्या भीतीमागे इजा नव्हती, इथे आहे. म्हणून ही भीती विरत नाही. मात्र कळप रान ओळखायला लागण्याआधी, पहिल्या दिवसापासून यंत्र चालू हवं.

करडईचे तास

मराठवाड्याच्या रब्बीत एक शहाणपण जुनं आहे. ज्वारी, हरभरा, गव्हाच्या कडेनं करडईचे चार-सहा तास, म्हणजे ओळी, टाकायचे. काटेरी करडईतून गुरं आत शिरत नाहीत, वर तेलही हाती येतं. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावानं ओळखलं जातं आणि करडईच्या संशोधनाचं ते देशातलं महत्त्वाचं केंद्र आहे. ‘परभणी कुसुम’ हा वाण इथलाच.

या जिवंत कुंपणाची एक मेख आहे. करडई कोवळी असताना तिला काटे नसतात. त्या वेळी माणसंही तिची भाजी करून खातात, मग हरीण का सोडेल? काटे येतात ते झाड वर सुटल्यावर. त्यामुळे कडेची करडई मुख्य पिकाच्या आधी पेरलेली बरी, आणि सुरुवातीच्या दिवसांत तिच्याबाहेर बोराट्यांची किंवा बाभळीच्या फासांची कुपाटी हवीच. बारमाही बागेसाठी सागरगोटा, चिल्हार, घायपात अशी कुंपणाची झाडं जास्त भरवशाची, पण त्यांना दाट व्हायला काही वर्षं द्यावी लागतात.

वासाच्या उपायांबद्दल थोडक्यात. सडक्या अंड्याचं पाणी फवारण्यामागे तर्क आहे: गंधकाच्या त्या वासातून चरणाऱ्या प्राण्याला मांसभक्षकाची चाहूल लागते. परदेशात अंड्यापासून केलेली अशी औषधं विकतही मिळतात आणि काही काळ काम करतात. पण पाऊस पडला की वास गेला, आणि फवारणीनंतर फुटलेलं नवं पान तर मुळातच बिनवासाचं. त्यातून पालेभाजीवर हे मारणार कोण? बागेबाहेरच्या कडेपुरता हा उपाय ठीक. कांदा, लसूण, हळद, आलं, गवती चहा, कारलं यांना हरणं तुलनेनं कमी तोंड लावतात. ती बाहेरच्या ओळीत असावीत आणि चवळी, मेथी, पालक, वाल मध्यभागी. दुष्काळात मात्र ही नावड टिकत नाही.

खाल्लेलं पुन्हा फुटतं का?

हे झाड कुठून वाढतं त्यावर ठरतं. सोयाबीन, चवळी, वाल यांच्या रोपात पहिल्या जाड दलपानांच्या बगलेत राखीव डोळे असतात. त्यांच्या वरून शेंडा खुडला गेला तर हे डोळे जागे होतात. दलपानांच्या खालून खाल्लं तर एकही डोळा उरत नाही आणि रोप मेलं. म्हणून उगवणीनंतरचा पहिला आठवडा सर्वात नाजूक. हरणांमुळे दुबार पेरणीची पाळी येते ती याच टप्प्यातल्या नासाडीनं. पुढे वाढलेल्या हरभऱ्याचे शेंडे तर शेतकरी स्वतः खुडतात, त्यानं फांद्या वाढतात. मेथी-पालक मुळासकट उपटले गेले नसतील तर पाणी देऊन आठवडाभर थांबावं, घाईनं वाफा मोडू नये.

शेतातलं पीक गेलं असेल तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज पहिल्या तीन दिवसांतच करावा. खुरांच्या ठशांसह नुकसानीचे फोटो काढावेत आणि पंचनामा होईपर्यंत रान नांगरू नये. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; त्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

कुंपणात एखादं हरीण अडकलंच तर सगळ्यात मोठा धोका त्याच्या घाबरण्याचा असतो. जिवाच्या आकांतानं धडपडताना त्याच्या स्नायूंची झीज होते, रक्तात विषारी द्रव्यं उतरतात, आणि जखम नसलेलं जनावरही काही तासांत किंवा दिवसांत मरू शकतं. डोळ्यांवर हलकं कापड टाकलं की ते बरंच शांत होतं. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. कर्मचारी येईपर्यंत कुत्री लांब ठेवायची, मोबाइल घेऊन जमलेली गर्दी हटवायची, आणि हरणाला पाणी पाजायचा प्रयत्न करायचा नाही.